संघपती वीरजी व्होरा आणि टोपीकरांच्या कंपन्या

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर हे गाव तेथे अवचित प्रकट होणाऱ्या गंगेमुळे महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. समुद्रापासून बरेच आत, अर्जुना नदीच्या काठी, सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती. इ. स. १६४९ च्या सुमारास विजापूर दरबारच्या येथील अंमलदाराने सुरतेच्या इंग्रजांना व्यापारासाठी बोलाविले आणि मिरी व वेलदोडा मिळेल या आशेने ते आले. या वखारीची हकीगत निघाली की छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६१ साली तिच्यावर घातलेला छापा सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु सुरतेसारखी संपन्न पेठ हाताशी असताना इंग्रज मिरीचा शोध घेत खाडीत इतक्या आत का शिरले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्या प्रश्नाचा माग घेत गेले की वाट सुरतेतील एका जैन श्रावकाच्या पेढीच्या पायरीपाशी जाऊन थांबते.

त्या श्रावकाचे नाव संघपती वीरजी व्होरा. मराठी शिवचरित्रांतून हे नाव बहरजी बोहरा किंवा विरजी बोहरा अशा रूपांत येते. त्यामुळे हे गृहस्थ मुसलमान बोहरा समाजाचे असावेत, असा समज अनेकांचा होतो. तो बरोबर नाही. व्होरा किंवा वोरा हे आडनाव व्यवहार या शब्दापासून आले असे मानतात, आणि गुजरातेतील जैनांत ते आजही आढळते. वीरजी श्वेतांबर परंपरेतील लोंकागच्छाचे अनुयायी होते. मूर्तिपूजा न मानणाऱ्या या गच्छाचे सुरतेतील ते प्रमुख गृहस्थ, आणि संघाने दिलेली संघपती ही पदवी ते धारण करीत. त्यांचा जन्म १५९० च्या आसपासचा. इंग्रजांच्या दप्तरात त्यांचे नाव १६१९ साली प्रथम येते आणि १६७० पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, ते पुनःपुन्हा येत राहते. वीरजींच्या व्यापाराविषयी जे काही कळते ते जवळजवळ सर्व या परदेशी दप्तरांतून, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या, ऋणकोंच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या लेखणीतून कळते. या तिन्ही भूमिका बहुधा एकच माणसे एकाच वेळी वठवीत होती.

ही माणसे कोण, हे आधी समजून घेतले पाहिजे. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने दोनशे अठरा जणांच्या एका मंडळाला पूर्वेकडील व्यापाराची पंधरा वर्षांची मक्तेदारी सनदेने दिली. हीच पुढे ईस्ट इंडिया कंपनी म्हणून ओळखली गेली. आरंभी तिची रीत साधी होती. एका सफरीसाठी पैसे गोळा करावेत, जहाजे पाठवावीत, ती परत आली की माल विकून मुद्दल व नफा वाटून घ्यावा आणि वही मिटावी. दुसऱ्या सफरीला पुन्हा नवी वर्गणी. १६१३ पासून काही वर्षांसाठी एकत्र भांडवल उभारण्याची पद्धत आली, पण तेही मुदतीचेच होते. हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी १६०२ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या संयुक्त कंपनीत सुमारे ६४ लाख गिल्डरचे भांडवल जमले. त्यात बड्या व्यापाऱ्यांबरोबर साध्या कारागिरांचा आणि घरकाम करणाऱ्या मोलकरणींचाही पैसा होता. ज्याला आपला पैसा मोकळा करावयाचा असेल त्याला कंपनी तो परत देत नसे. त्याने आपला भाग अॅमस्टरडॅमच्या बाजारात दुसऱ्या कोणाला विकावा. भागधारक बदलत, मरत, त्यांचे वारस येत. भांडवल मात्र जागचे हलत नसे. इंग्रजांना हे स्थायी भांडवल जमण्यास १६५७ साल उजाडावे लागले.

भागीदारी आपल्या व्यापाऱ्यांना नवी नव्हती. दोन घरांनी मिळून जहाज भरणे, नफ्यातोट्याचे आणे ठरविणे, हुंडीने दूरदेशी पैसा फिरविणे, यांत गुजरातचे वाणी कोणापेक्षाही कमी नव्हते. परंतु ती भागीदारी माणसामाणसांमधली होती. भागीदार गेला की हिशेब करावा लागे, वारसाची मर्जी पाहावी लागे. मालक मेला तरी न मरणारी पेढी ही कल्पना मात्र या टोपीकरांनी सोबत आणली होती. ती दिसत नव्हती. सुरतेच्या बाजाराला दिसत होते ते पैशाची सतत चणचण असलेले, भाड्याच्या वखारीत राहणारे, मोगल सुभेदारापुढे नमून वागणारे काही परदेशी.

त्यांच्यापुढे वीरजींचा पसारा केवढा! आग्रा, बऱ्हाणपूर, अहमदाबाद, बडोदा, भडोच, गोवळकोंडा, कालिकत अशा ठिकाणी त्यांचे गुमास्ते असत. इराणचे आखात, तांबड्या समुद्रातील मोखा, पूर्वेकडील मलाया द्वीपसमूह येथपर्यंत त्यांचा माल जाई. अफू देऊन मलबारात मिरी घ्यावी, मिरी सुरतेत विकून पोवळे घ्यावे, पोवळे दक्षिणेत पाठवावे, असे हे चक्र फिरत राही. मिरी, लवंग, जायफळ, पोवळे, हस्तिदंत, शिसे, पारा, सोनेचांदी यांपैकी जे जे जहाजातून उतरे, त्याची पहिली बोली बहुधा वीरजींची असे. त्यांची रीत अशी, की एखाद्या जिनसेचा शक्य तो सारा साठा एकदम उचलावा आणि मग भाव आपण सांगावा. १६४८ मध्ये डचांनी आणलेली लवंग त्यांनी सगळीच्या सगळी घेतली. १६६८ मध्ये, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, हाजी झाहिद बेग या दुसऱ्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या साथीने त्यांनी पारा आणि हिंगूळ यांचा एवढा साठा केला, की तो साऱ्या देशाला कित्येक वर्षे पुरावा, असे इंग्रजांना वाटले.

मिरीचा १६२५ सालचा प्रसंग या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. त्या वर्षी सुरतेच्या बाजारातील मिरी वीरजींच्या हाती होती. इंग्रजांनी मणास साडेपंधरा महमुदी देऊ केल्या. वीरजींनी सव्वासोळा सांगितल्या आणि वर अट घातली, की इंग्रजांजवळच्या पोवळ्याच्या पंचवीस पेट्या आपल्याला आपल्या भावाने मिळाल्या पाहिजेत. पाऊण महमुदीसाठी एवढा अडून बसणारा व्यापारी आणि एवढी मोठी कंपनी! इंग्रजांनी ठरविले, की सुरतेत घ्यायचीच नाही. दक्षिणेत आपली माणसे पाठवून उत्पादनाच्या मुलखाजवळच स्वस्तात मिरी घ्यावी. त्यांची माणसे दक्षिणेत पोहोचली. तेथे वीरजींचे गुमास्ते होतेच. धन्याच्या हुकुमावरून त्यांनी इंग्रजांपेक्षा चढा भाव देऊ केला. दक्षिणेत स्वस्त मिळणारी मिरी अशा रीतीने स्वस्त राहिली नाही, आणि कंपनीला वीरजींच्या दाराशी परत यावे लागले.

या धड्यानंतर जवळजवळ पाव शतकाने कंपनीची माणसे राजापूरला आली. त्याआधी १६३८ च्या सुमारास कोर्टीन याच्या मंडळीने राजापुरात वखार घातली होती. एका कंपनीला मक्तेदारी दिलेली असताना इंग्लंडच्याच राजाने या दुसऱ्या मंडळीला वेगळी सनद दिली होती, हा राजसनदेच्या वचनाचा एक नमुना. ती मंडळी टिकली नाही. जुनी कंपनी मात्र चिकाटीने मिरीच्या मुलखात आपले स्वतःचे दार शोधत राहिली. घाटावरून येणारे कापड, किनाऱ्याने येणारी मिरी आणि अरबी गलबतांची ये-जा असलेले राजापूर हे अशा दारांपैकी एक होते.

मिरीपेक्षाही वीरजींची खरी पकड होती ती पैशावर. इंग्रज आणि डच या दोघांचीही अडचण ऋतुचक्राची होती. जहाजे पावसाळा संपता संपता सुरतेच्या सुंवाळी बंदरात येत आणि माल भरून हिवाळ्यात परत फिरत. पण कापड काही जहाज आल्यावर विणता येत नाही. विणकराला महिने आधी बयाणा द्यावा लागतो, निळीच्या शेतकऱ्यालाही तसेच. म्हणजे कंपनीला पैसा हवा असे भर पावसाळ्यात, आणि तिची चांदी असे तेव्हा समुद्रावर. ती आली तरी टांकसाळीत पाडून रुपये हाती पडेपर्यंत दिवस जात. इंग्रजी बनातीला या उष्ण देशात मागणी बेताचीच होती, त्यामुळे माल विकून पैसा उभा करणेही कठीण. ही पोकळी सुरतेचे सराफ भरून काढीत, आणि सराफांत पहिले नाव वीरजींचे.

व्याजाचा दर साधारणपणे दरमहा दरशेकडा एक ते दीड रुपया असे. त्या काळी इंग्लंडमध्ये कायद्याने व्याजाला मर्यादा होती. १६२४ पासून ती वर्षाला आठ टक्के आणि १६५१ पासून सहा टक्के. म्हणजे लंडनमध्ये मिळाला असता त्याच्या दीडपट, दुप्पट, क्वचित तिप्पट दराने कंपनी सुरतेत पैसा घेत होती. तरीही घेत होती, कारण घेतल्यावाचून जहाजे रिकामी परतली असती. १६३० मध्ये आग्र्याच्या इंग्रजांनी वीरजींच्या तेथील पेढीवरून पन्नास हजार रुपये उचलले. १६३६ मध्ये दोन लाख, १६४२ मध्ये एक लाख. यांच्या मधल्या लहान रकमांची गणती नाही. संवत १६८७ चा, म्हणजे १६३० सालचा सत्याशीचा दुष्काळ गुजरातेत पडला, विणकरांची गावेच्या गावे ओस झाली आणि त्यानंतरची काही वर्षे इंग्रज वखार देण्याखाली दबलेली राहिली. त्या वर्षांत ती उभी राहिली ती सुरतेच्या सराफांच्या, विशेषतः वीरजींच्या पैशावर, असे म्हणण्यास हरकत नाही.

कंपनीच्या लंडनमधील संचालकांना हे मुळीच आवडत नसे. त्यात आणखी एक गोष्ट होती. कंपनीचे नोकर धन्याच्या व्यापाराबरोबर स्वतःचाही व्यापार करीत, आणि त्यासाठी लागणारे भांडवल वीरजी त्यांना वैयक्तिक रीत्या पुरवीत. नोकरांचा फायदा म्हणजे कंपनीचा तोटा, हे उघडच होते. वीरजींच्या दृष्टीने मात्र दोन्हीकडून व्याज येत होते. उलट त्यांचा स्वतःचा माल कंपनीच्या जहाजांतून इराणच्या बंदरांकडे सुरक्षित जाई, ही सोय त्यांनाही हवी होती. हा संबंध मैत्रीचा होता की वैराचा, हे ठरविणे कठीण आहे. तो व्यापाराचा होता.

वीरजींची संपत्ती किती होती? फ्रेंच प्रवासी थेवनो १६६६ मध्ये सुरतेत आला होता. वीरजींशी त्याची चांगली ओळख झाली आणि त्याने त्यांची मालमत्ता निदान ऐंशी लाखांची असल्याचे लिहून ठेवले. हा अंदाज एका परदेशी पाहुण्याचा आहे, वहीतला आकडा नव्हे. तरी तुलनेपुरता तो घेता येतो. त्या काळच्या दराने ऐंशी लाख रुपये म्हणजे सुमारे नऊ लाख पौंड होतात. इंग्रज कंपनीने १६३१ साली उभारलेले तिसरे संयुक्त भांडवल चार लाख वीस हजार सातशे पौंडांचे होते, आणि १६५७ च्या स्थायी भांडवलापैकी प्रत्यक्ष भरणा झालेली रक्कम तीन लाख एकोणसत्तर हजार आठशे एक्क्याण्णव पौंड. १६१७ चे दुसरे भांडवल याहून बरेच मोठे होते, हे खरे. पण एरवी सुरतेचा हा एक गृहस्थ एकटा लंडनच्या साऱ्या भागधारकांच्या दुपटीने भारी होता. कंपनीच्या नोंदींत त्यांचा उल्लेख जगातील सर्वांत श्रीमंत व्यापारी असा येतो, तो या पार्श्वभूमीवर अतिशयोक्त वाटत नाही.

एवढ्या धनाला संरक्षण कशाचे होते? टोपीकरांच्या सनदेत जहाजावर तोफा ठेवण्याचा अधिकार गृहीत होता. वीरजींकडे सनद नव्हती, तोफा नव्हत्या, आणि अहिंसेचे व्रत घेतलेल्या श्रावकाने त्या ठेवल्याही नसत्या. त्यांचे संरक्षण म्हणजे सुभेदाराची मर्जी आणि त्याहून वर बादशहाचा न्याय. १६३८ मध्ये सुभेदार मसीह-उज्-जमान याच्याशी त्यांचे बिनसले. सुभेदाराने त्यांना कैदेत टाकले आणि पन्नासेक आरोपांची यादी शाहजहानकडे पाठविली. प्रकरण दरबारात गेले. वीरजींनी सारे आरोप नाकारले. बादशहाने त्यांना मुक्त केले आणि सुभेदाराला पद गमवावे लागले. यात वीरजींचा विजय झाला खरा, पण एका शाही हुकुमावर सारे लटकत होते. १६५७ च्या अखेरीस शाहजहान आजारी पडला आणि पुत्रांत गादीसाठी युद्ध जुंपले, तेव्हा शाहजादा मुरादच्या फौजेने सुरत घेतली. शहराच्या व्यापाऱ्यांच्या वतीने पाच लाख रुपयांचे कर्ज त्याला वीरजी आणि हाजी झाहिद बेग यांनी दिले. अशा कर्जाला नाही म्हणण्याची सोय नसते.

इंग्रजांचाही अनुभव पाहण्यासारखा आहे. राजाच्या परवान्याने निघालेल्या एका परक्या इंग्रज जहाजाने तांबड्या समुद्रात सुरतेची व दीवची जहाजे लुटली, तेव्हा त्याच्याशी काही संबंध नसलेल्या कंपनीच्या सुरतेतील प्रमुखाला, मेथवोल्डला, आठ आठवडे कैद भोगावी लागली आणि एक लाख सात हजार रुपये भरावे लागले. पैसा गेला, पण तो एका माणसाचा गेला नाही. तो लंडनच्या वहीत शेकडो नावांवर वाटला गेला.

वीरजींच्या गुणगौरवात एक बाब झाकून ठेवणे बरे नव्हे. त्यांच्या परवानगीवाचून सुरतेत दुसरा व्यापारी बोली लावण्यास धजत नसे, अशी इंग्रजांची तक्रार होती. तक्रार करणारे स्वतः मक्तेदारीची सनद खिशात घालून आले होते, म्हणून ती हसण्यावारी नेता येईल. पण लहान व्यापाऱ्यांना ही कोंडी जाणवली नसेल, असे म्हणता येत नाही. परिग्रह-परिमाण, म्हणजे संग्रहाला मर्यादा घालणे, हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी शेवटचे. सुरतेच्या कोठारांत देशाला वर्षानुवर्षे पुरणारा माल साठविणाऱ्या संघपतींच्या घरातच या व्रताचा प्रश्न उभा राहिला, आणि तोही अत्यंत जवळच्या माणसाकडून.

वीरजींची कन्या फूलाबाई. तिचा पुत्र लवजी लहानपणापासून आजोळी वाढला. पट्टावलींत सांगितले आहे, की आजोबांच्या अपार संपत्तीचा तो वारस होऊ शकला असता. त्याने सुरतेतच लोंकागच्छाचे यति बजरंगजी यांच्याजवळ शास्त्राभ्यास केला आणि दीक्षा घेतली. पुढे यतिवर्गाचा आचार शिथिल झाला आहे, आगमांत सांगितलेले साधुजीवन ते जगत नाहीत, असे ठरवून लवजींनी त्यांचा संग सोडला आणि कठोर आचाराचा वेगळा मार्ग धरला. स्थानकवासी परंपरेच्या संस्थापक क्रियोद्धारकांत लवजी ऋषींची गणना होते ती यामुळे. आजोबांना हे रुचले नाही. ज्या गच्छाचे ते स्वतः संघपती, त्याच गच्छावर नातवाने ठपका ठेवावा! परंपरा अशी आहे, की वीरजींनी खंभातच्या नबाबाला लिहून लवजींना अटकेत ठेवविले. तेथील त्यांची साधना पाहून अखेर त्यांची सुटका झाली. ज्यांना स्वतः सुभेदाराच्या कैदेचा अनुभव होता, त्यांनी नातवासाठी तोच उपाय योजावा, ही गोष्ट चरित्रकाराला अवघड वाटते. पण पट्टावलींनी ती लपविलेली नाही. आजोबा-नातवाचा नंतर समेट झाला, असेही परंपरा सांगते.

आता राजापूरकडे वळावयाचे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफ हाती घेतली. शिवाजी महाराजांनी याचा जाब १६६१ मध्ये राजापुरावर येऊन घेतला. वखार खणून काढली, रेव्हिंग्टन, गिफर्ड आदी इंग्रज कैद झाले आणि गडांवर ठेवले गेले. त्यांनी सुरतेला सुटकेसाठी पत्रे धाडली. सुरतेच्या वरिष्ठांचे उत्तर कठोर होते. तुम्ही कंपनीच्या कामासाठी नव्हे, तर न सांगता केलेल्या आगळिकीमुळे कैदेत आहात, अशा आशयाचे. रेव्हिंग्टन आजारी पडल्यावर त्याला सोडण्यात आले. सुरतेला पोहोचून थोड्याच काळात तो मरण पावला. बाकीचे १६६३ च्या आरंभी सुटले.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १६६४ मध्ये, महाराज सुरतेवर आले. शाएस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख जाळून बेचिराख केला होता; त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल करावयाची, हा हेतू होता. त्यांनी शहराचा अधिकारी इनायतखान याच्यासह हाजी झाहिद बेग, वीरजी व्होरा आणि हाजी कासम या धनिकांना बोलावून खंडणी ठरविण्यास सांगितले. कोणी आले नाही. इनायतखान आधीच किल्ल्यात जाऊन बसला होता. शहराला धड तट नव्हता. तटाच्या नावाने आलेला पैसा अधिकाऱ्यांच्या हाती जिरला, अशी तेव्हा बोलवा होती. चार दिवस सुरत जळत होती. वीरजींचा वाडा आणि कोठारे लुटली गेली. तेथून सोन्याचे, मोत्यांचे आणि जवाहिराचे गाठोडे किती निघाले याचे निरनिराळे आकडे परदेशी लेखकांनी दिले आहेत. ते परस्परांशी जुळत नाहीत, पण सुरतेतील सर्वांत मोठ्या लुटींपैकी ती एक होती याविषयी दुमत नाही. दानशूर म्हणून ख्याती असलेल्या मोहनदास पारेख याचे घर मात्र मराठ्यांनी वगळले, असे बर्नियरने नमूद केले आहे. इंग्रज वखारीत जॉर्ज ऑक्झेंडनने जहाजांवरची माणसे आणि तोफा आणून बंदोबस्त केला होता, डचांनीही तसेच केले. दोन्ही वखारी बचावल्या. औरंगजेबाने नंतर या परदेश्यांना जकातीत सवलत दिली.

येथे दोन नुकसानींची तुलना केल्यावाचून राहवत नाही. राजापुरात कंपनीचे नुकसान झाले १६६१ मध्ये. रेव्हिंग्टन मेला, सुरतेचे प्रमुख बदलत गेले, पण नुकसानीचा दावा वहीत राहिला. दर वकिलातीबरोबर तो नव्याने मांडला गेला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हाच्या तहातही राजापूरचे कलम होते, आणि महाराजांनी भरपाईदाखल दहा हजार होन मान्य केले. त्यानंतर राजापूरची वखार पुन्हा उघडली आणि काही वर्षांनी पुन्हा बंद झाली. तेरा वर्षे एक दावा जिवंत ठेवण्यास माणूस लागला नाही, दप्तर पुरले. वीरजींच्या १६६४ च्या नुकसानीचा दावा कोणाकडे करावयाचा होता? ज्या बादशहाला ते कर भरीत त्याने सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली. त्याहून अधिक काही झाले नाही.

तरीही वीरजी बुडाले नाहीत, हे विशेष. थेवनोने ऐंशी लाखांचा अंदाज केला तो या लुटीनंतर दोन वर्षांनी. वाड्यातले सोने गेले तरी त्यांचा पैसा आग्र्यापासून कालिकतपर्यंतच्या पेढ्यांत, मालात आणि लोकांकडील येण्यात गुंतलेला होता. लुटारूला हुंडी नेता येत नाही. १६६९ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी दुसऱ्या एका सराफाबरोबर इंग्रज कंपनीला चार लाख रुपये कर्ज दिले. आदल्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडणीवर कंपनीला देऊन टाकले होते. मुंबईला तट बांधावयाचा, धक्का बांधावयाचा, सुरतेच्या वाण्यांना तेथे वसण्यासाठी बोलवावयाचे, या साऱ्याला पैसा हवा होता, आणि सुरतेच्या वखारीचे तोंड अजूनही सराफकट्ट्याकडेच होते.

ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले. त्याच वर्षापर्यंत वीरजींचे नाव इंग्रजांच्या कागदांत दिसते. पुढे त्यांचा नातू नानचंद याचे नाव येते, पण ते आजोबांच्या नावासारखे पानोपानी नाही. कारभार एका माणसाच्या पतीवर उभा होता आणि तो माणूस आता म्हातारा झाला होता. सुरतेची भरभराटही त्यानंतर हळूहळू ओसरली. १६८७ मध्ये कंपनीने आपले पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलविले.

लवजी ऋषींचा शिष्यपरिवार मात्र वाढत गेला. तो माळव्यातून दक्षिणेत उतरला आणि त्याच ऋषी संप्रदायात पुढे तिलोकऋषी, अमोलकऋषी असे विद्वान संत होऊन गेले. अहमदनगर जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आणि १९९२ साली अहमदनगर येथे देह ठेवलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज याच परंपरेतले.